लोकसाहित्य आणि त्याच्या आसपासचे शब्द

लोकसाहित्य म्हणजे पुस्तकातून न शिकता माणसांनी एकमेकांचं ऐकून-बघून उचललेलं सगळं. गोष्टी, गाणी, म्हणी, कोडी तर आलीच, पण कोणी शिंकलं की पटकन काहीतरी म्हणायचं, खेळात राज्य कोणावर ते ठरवताना मुलं जी निरर्थक बडबड करतात, तेही त्यातच. आता मराठी शब्दातच गोची आहे, 'साहित्य' म्हटलं की लिहिलेलं डोळ्यासमोर येतं आणि हे तर बहुतेक न लिहिलेलं. 'लोकवाङ्मय' त्यातल्या त्यात बरा, कारण त्यात वाक् म्हणजे बोलणं आहे, पण मग नाच, विणकामाचे टाके, नुसते हातवारे कुठे बसवायचे? 'लोकविद्या' सगळ्यात नेमका, पण जास्त चालतो लोकसाहित्यच.

इंग्रजीतला 'फोकलोर' मात्र चक्क एका माणसाने बनवलेला शब्द आहे. विल्यम थॉम्स या इंग्रज लेखकाने ऑगस्ट १८४६ मध्ये लंडनच्या 'अथेनियम' साप्ताहिकात, तेही अँब्रोझ मर्टन या टोपणनावाने, तो सुचवला. त्याआधी या सगळ्याला 'पॉप्युलर अँटिक्विटीज', म्हणजे लोकांमधल्या जुन्यापुराण्या गोष्टी, म्हणायचे, थॉम्सला ते लॅटिन वळणाचं नाव नको होतं. फोक म्हणजे लोक आणि लोर म्हणजे शिकवण, ज्ञान. १८७८ मध्ये लंडनला फोकलोर सोसायटी निघाली आणि शब्द पक्का झाला.

'लोक' म्हणजे कोण, यावर जास्त भांडणं झाली. आधी वाटायचं खेड्यातली अशिक्षित माणसं, बस. अमेरिकन अभ्यासक अॅलन डंडेस म्हणाले की एखादी तरी गोष्ट समान असलेला कुठलाही गट म्हणजे लोक, म्हणजे नर्सेस, सैनिक, प्रोग्रॅमर सगळे आले, आणि मला हेच पटतं.

मिथक, दंतकथा, लोककथा हे तीन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. विल्यम बॅस्कम या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ मध्ये फरक मांडला तो असा: मिथक सांगणाऱ्यांना खरं वाटतं, पवित्र असतं, अतिप्राचीन काळातलं असतं, दंतकथा पण खरी मानतात पण ती आजच्यासारख्याच जगात घडते, लोककथा खोटी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. रात्री ड्रायव्हरने एका मुलीला लिफ्ट दिली, घरापाशी वळून बघतो तर सीट रिकामी, आणि दार उघडणारी तिची आई म्हणते ती तर कधीच वारली, ही दंतकथा. सांगणारा हमखास म्हणणार, मित्राच्या मित्राच्या बाबतीत घडलंय. कर्णोपकर्णी जाताना रस्ता, गाडी, मुलीचे कपडे बदलतात, रिकामी सीट नाही बदलत. अशा प्रत्येक रूपाला पाठभेद म्हणतात आणि त्यातलं 'ओरिजिनल' कुठलं हा प्रश्नच चुकीचा.

'फेकलोर' पण आहे बरं का! रिचर्ड डॉर्सन या अमेरिकन अभ्यासकाने १९५० मध्ये काढलेला शब्द, कोणीतरी टेबलाशी बसून रचायचं आणि लोकपरंपरा म्हणून विकायचं त्यासाठी. त्याचा राग अमेरिकन गोष्टींमधल्या पॉल बनियन या अवाढव्य लाकूडतोड्यावर होता, कारण त्याच्या बऱ्याच गोष्टी एका लाकूड कंपनीच्या जाहिरातीच्या पुस्तिकांमधून पसरल्या. पण त्याच गोष्टी पुढे मुलं एकमेकांना आपापली भर घालून सांगायला लागली तर त्यांना फेक कुठवर म्हणायचं?