हायब्रिड गाडीला रोड टॅक्स किती बसतो?

"बॅटरी आहे ना, मग टॅक्स माफ असेल?" हायब्रिड बघायला आलेला प्रत्येक जण शोरूममध्ये हे विचारतो. महाराष्ट्रात तरी उत्तर 'नाही' असंच आहे. 2025 च्या ईव्ही धोरणातली करमाफी निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या, हिरव्या नंबर प्लेटच्या गाड्यांना आहे. हायब्रिडला प्लेट पांढरी आणि टॅक्स पेट्रोलचा.

गोंधळ होतो तो आरसीमुळे. माइल्ड हायब्रिडच्या (बॅटरी इंजिनाला फक्त हातभार लावते) इंधनाच्या रकान्यात 'पेट्रोल/हायब्रिड' असतं, स्ट्राँग हायब्रिडच्या (थोडं अंतर नुसत्या बॅटरीवरही धावते) कधी कधी 'स्ट्राँग हायब्रिड ईव्ही'. त्या 'ईव्ही'वर भुलू नका.

वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला 10 लाखांपर्यंत 11 टक्के, 10 ते 20 लाखांना 12, त्यापुढे 13. टक्का पूर्ण किमतीवर लागतो, फक्त वरच्या रकमेवर नाही. म्हणून 19.80 लाखांच्या गाडीला 2,37,600 रुपये आणि 20.20 लाखांच्या गाडीला 2,62,600. किंमत 40 हजारांनी वाढली की टॅक्स 25 हजारांनी वाढतो! ग्रँड विटारा, हायरायडरसारख्या गाड्यांची वरची मॉडेल्स याच सीमेच्या आसपास घुटमळतात, तेव्हा सनरूफचा मोह होण्याआधी हा हिशेब करा.

गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर 20 टक्के. आयात गाडीलाही तेवढेच, त्यामुळे परदेशातून तयार येणाऱ्या प्लग-इन हायब्रिडला (बॅटरी बाहेरून चार्ज करता येणारी) चार्जिंगच्या वायरीचा इथे काही फायदा नाही. 1 जुलै 2025 पासून टॅक्सची कमाल मर्यादा 20 वरून 30 लाख रुपये झाली आहे.

उत्तर प्रदेशाने जुलै 2024 मध्ये स्ट्राँग आणि प्लग-इन हायब्रिडला नोंदणी कर माफ केला होता. पण तिथली गाडी कायमची इकडे आणलीत, तर तिथल्या आरटीओची एनओसी (नमुना 28) घेऊन इथला टॅक्स भरावाच लागतो. 'बीएच' सिरीजला (बदली होणाऱ्या नोकरदारांसाठीची, देशभर चालणारी 'भारत' नंबर प्लेट) पात्र असाल, तर पेट्रोलचेच दर धरतात: 8, 10, 12 टक्के, दोन-दोन वर्षांच्या हप्त्याने. ईव्हीला 2 टक्के कमी, हायब्रिडला नाही.

नव्या गाडीचे कागद डीलरच 'वाहन' पोर्टलवर चढवतो: नमुना 20 चा अर्ज, विक्री प्रमाणपत्र (21), रस्तायोग्यता (22), विमा, पॅन, पत्त्याचा पुरावा. टॅक्स भरण्याआधी त्याच्या स्क्रीनवर किंमत, इंधन आणि मालकाचा प्रकार स्वतः बघून घ्या. पावती निघाल्यावर दुरुस्तीसाठी आरटीओत खेटे घालावे लागतात.