इंग्लिश बेवरचा इनुक्शुक आणि २०१० च्या ऑलिम्पिक लोगोचा वाद: थोडी पार्श्वभूमी

कॅनडातल्या व्हँकुव्हरला इंग्लिश बेच्या किनाऱ्यावर ग्रॅनाइटचा साधारण ६ मीटर उंच इनुक्शुक (आर्क्टिकमधले मूळ रहिवासी इनुइट दगडावर दगड रचून करतात ती खूण) आहे, तो मूळचा तिथला नाहीच. एक्स्पो ८६ या व्हँकुव्हरच्या जागतिक प्रदर्शनात नॉर्थवेस्ट टेरिटरीज या कॅनडाच्या उत्तरेकडच्या प्रदेशाच्या पॅव्हिलियनसाठी तो बनवून घेतला होता, नंतर शहराला भेट दिला आणि १९८७ ला किनाऱ्यावर आणून उभा केला. बनवणारा इनुइट कलाकार रँकिन इनलेटचा, म्हणजे हडसन बेच्या काठचा, तिथून दोन हजार किमीच्या वर लांब.

रँकिन इनलेट हे गावच मुळात खाणीमुळे वाढलेलं. १९५७ ला निकेलची खाण सुरू झाली, शिकारीवर जगणारी कुटुंबं पगारावर आली, १९६२ ला खाण बंद. मग लोकांना काही तरी काम पाहिजे म्हणून सरकारनेच तिथे सिरॅमिक्सचं वर्कशॉप काढलं.

खरा राडा झाला २००५ ला. २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिम्पिकच्या लोगोसाठी १६०० च्या वर एन्ट्र्या आल्या आणि निवडलं काय, तर याच इनुक्शुकवरून सुचलेली पाच रंगीत दगडांची हसरी आकृती, नाव इलानाक म्हणजे मित्र. काही इनुइट जाणकार चिडले, कारण वाट दाखवायला किंवा कॅरिबूच्या (रानटी रेनडिअरच्या) शिकारीसाठी रचलेल्या खऱ्या इनुक्शुकला डोकं-हातपाय नसतात, माणसासारखा रचला तर तो इनुनग्वाक. आक्षेप बरोबरच आहे, पण १९८६ चा दगडी पुतळाही हातपायवालाच आहे ना, आणि तो तर इनुइट माणसानेच केलाय, त्यामुळे सगळं खापर डिझायनरवर फोडणं मला पटत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार वाटतो: खेळ होणार कोस्ट सॅलिश आणि लिलवट या तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनीवर आणि चिन्ह आर्क्टिकचं! स्थानिक नेत्यांनी तेव्हाच हे बोलून दाखवलं, लोगो काही बदलला नाही.

मधल्या काळात १९९९ ला नॉर्थवेस्ट टेरिटरीजमधून नुनावुत ही नवी टेरिटरी वेगळी झाली, तिच्या झेंड्यावर लाल इनुक्शुक आला, आणि ज्या टेरिटरीने इंग्लिश बेवरचं ते काम करून घेतलं होतं तिच्यात आता रँकिन इनलेट नाहीच. खाण मात्र परत आली, २०१९ पासून गावाजवळ मेलियाडीनला सोनं काढतात, फक्त यावेळी जमीन इनुइट मालकीची आहे आणि इनुइट आणि सरकार यांच्यातल्या १९९३ च्या जमीन करारामुळे कंपनीला आधी त्यांच्या संघटनेशी बोलणी करावी लागली.