अमोनिया धरायचा, पण किती घट्ट?

जानेवारी २०१८ मध्ये वास्कोजवळ चिखलीला अमोनियाचा टँकर उलटला आणि शेकडो लोकांना रातोरात घरं सोडावी लागली. गोव्याला हा वायू नवा नाही. मासळी ज्या बर्फावर टिकते, तो बर्फ करणाऱ्या कारखान्यांतही थंडाव्यासाठी अमोनिया वापरतात. त्याचा वास नाकाला झोंबतो हे खरं, पण गळती नाकाला कळेपर्यंत थांबणं मला धोक्याचं वाटतं. पाइपच्या सांध्यापाशी रात्रंदिवस जागा राहणारा सेन्सर हवा.

त्यासाठी आशा आहे ती एक ते तीन अणूंइतक्या जाडीच्या पत्र्यांकडून. २००४ मध्ये वेगळं काढलेलं ग्राफीन, म्हणजे कार्बनच्या अणूंचा एकच थर, हा त्यांतला सर्वांत गाजलेला. इतक्या पातळ पत्र्याला ‘आतला भाग’ असा नसतोच, सगळा पृष्ठभागच. त्यावर बसलेला अमोनियाचा रेणू पत्र्याला थोडे इलेक्ट्रॉन देतो, नायट्रोजन डायऑक्साइड ते ओढून घेतो, आणि पत्र्याचा विद्युतरोध बदलतो. २००७ मध्ये तर ग्राफीनवर एकेक रेणू बसल्या-उठल्याची नोंद मिळाली.

अडतं ते पकडीपाशी. शुद्ध ग्राफीनवर अमोनिया जेमतेम टेकतो. मग कार्बनच्या जागी दुसरा अणू बसवा, एखादी जागा रिकामी ठेवा, नाहीतर मॉलिब्डेनम डायसल्फाइडसारखा वेगळाच पत्रा घ्या. अशा हजारो शक्यता प्रत्यक्ष बनवून तपासायच्या कधी? म्हणून आधी संगणकावर हिशेब करतात. भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर कोन आणि सहकाऱ्यांनी १९६४-६५ मध्ये दाखवलेली वाट इथे कामी येते: प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे न धावता, त्यांची दाटी कुठे किती आहे यावरून ऊर्जा काढायची. रेणू पत्र्यावर असतानाची आणि दोघे दूर असतानाची ऊर्जा, यांतला फरक म्हणजे पकड.

पकड जितकी घट्ट तितकं चांगलं, असं मात्र नाही. रेणू सेकंदाला एक लाख कोटी वेळा सुटायची धडपड करतो असं धरलं, तर नेहमीच्या तापमानाला ०.५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (हे अणू-रेणूंची ऊर्जा मोजायचं एकक) पकडीतून तो मिलिसेकंदाच्या आतच निसटतो. ०.८ असेल तर अर्ध्या मिनिटात. १ ला सतरा-अठरा तास लागतात, आणि १.२ ला चार वर्षांहून अधिक! असा सेन्सर पहिल्या गळतीला ओरडेल. दुसऱ्या गळतीच्या वेळी त्याच्यावर जागाच उरलेली नसेल.

आणखी एक गोष्ट. यांतले बरेच हिशेब कोरड्या पोकळीतल्या पत्र्यावर केलेले असतात. जुलैतल्या मुरगावच्या दमट हवेत पाण्याचे रेणू अमोनियाच्या आधीच येऊन जागा अडवू शकतात. म्हणून नव्या पदार्थाचे आकडे हाती आले की मी आधी त्यात पाण्याची पकड किती दिली आहे ते शोधतो.