सॉफ्टवेअर रेडिओ : संथ प्रक्रियेचे निदान

सॉफ्टवेअर-डिफाइन्ड रेडिओत सिग्नल सॅम्पलच्या (ठरावीक क्षणांना मोजलेल्या मूल्यांच्या) अखंड प्रवाहाच्या रूपात संगणकात येतो. फिल्टरिंग, डीमॉड्युलेशन (लहरीतून मूळ संदेश वेगळा काढणे) ही कामे प्रोग्राम करतो. प्रोग्राम मागे पडला तरी हार्डवेअर थांबत नाही. बफर, म्हणजे तात्पुरता साठा, भरला की पुढची सॅम्पल गळतात, त्याला ओव्हररन म्हणतात. प्रसारण करताना सॅम्पल वेळेत पोहोचली नाहीत तर अंडररन होतो. यूएसआरपी या रेडिओ उपकरणांचा यूएचडी हा ड्रायव्हर टर्मिनलवर ओव्हररनसाठी ‘ओ’, अंडररनसाठी ‘यू’ आणि हरवलेल्या पॅकेटसाठी ‘डी’ ही रोमन अक्षरे छापतो. सुरुवातीला एखादे अक्षर दिसले तर काळजी नको; ती सतत येत राहिली तर मात्र कारण शोधायलाच हवे.

आधी प्रवाहाचा हिशेब मांडावा. हॅकआरएफ हा रेडिओ सेकंदाला जास्तीत जास्त २ कोटी सॅम्पल देतो, प्रत्येकी २ बाइट (८ बिटांच्या दोन संख्या), म्हणजे ४० मेगाबाइट, यूएसबी २.० प्रत्यक्षात जेमतेम एवढेच पेलते. जीएनयू रेडिओ या सॉफ्टवेअरमध्ये हेच सॅम्पल ८ बाइटचे होते आणि प्रवाह १६० मेगाबाइटवर जातो. तो तसाच फाइलमध्ये लिहायला गेल्यास डिस्कच अडू शकते, म्हणून साठवण मूळ ८ बिटांतच करावी.

जीएनयू रेडिओ प्रत्येक ब्लॉक (प्रक्रियेचा एकेक टप्पा) स्वतंत्र थ्रेडवर, म्हणजे कामाच्या वेगळ्या धाग्यावर चालवतो. त्यामुळे प्रोसेसरचा एकूण वापर फसवा ठरतो: ८ कोअरच्या यंत्रावर एकच ब्लॉक पूर्ण थकला तरी एकूण आकडा १२.५ टक्केच दिसतो. प्रोसेसरचा वापर दाखवणाऱ्या एचटॉप या प्रोग्राममध्ये थ्रेडची नावे दाखवण्याची सोय सुरू करावी. जो ब्लॉक १०० टक्क्यांना टेकला आहे, तिथेच अडथळा. तरीही उलगडा झाला नाही, तर दोन टोकांना नल सोर्स (रिकामी सॅम्पल पुरवणारा ब्लॉक) आणि नल सिंक (ती टाकून देणारा ब्लॉक) लावून मधले ब्लॉक एकेक करून जोडावेत व वेग मोजावा.

बहुतेक वेळा दोष फिल्टरचा निघतो. टॅपची (फिल्टरच्या गुणकांची) संख्या सॅम्पल-दर भागिले संक्रमणपट्टा (हवा तो भाग आणि नको तो भाग यांमधला पट्टा) या गुणोत्तरावर ठरते. हॅमिंग विंडो या नेहमीच्या फिल्टर-रचनेसाठी ती त्याच्या सुमारे २.४ पट असते. दर १ कोटी आणि पट्टा १० किलोहर्ट्‌झ असेल, तर २४०० टॅप लागतात. डेसिमेशन (ठरावीक सॅम्पलमागे एकच ठेवून दर घटवणे) नसेल तर सेकंदाला २४०० कोटी गुणाकार होतात; फिल्टरमध्येच ५० चे डेसिमेशन केले की ४८ कोटी. पहिल्या टप्प्यात ३० टॅप व १० चे, दुसऱ्यात २४० टॅप व ५ चे डेसिमेशन ठेवले, तर काम ८ कोटींच्या आत आटोपते. इतका फरक महागडा प्रोसेसर घेऊनही पडत नाही. फिल्टर लावून नंतर वेगळ्या ब्लॉकने सॅम्पल टाकून देणे ही मात्र निव्वळ उधळपट्टी. डेसिमेशन शक्यच नसेल आणि टॅप शेकड्यांत असतील, तर एफएफटी (जलद फूरिए रूपांतर) वापरून काम करणारा फिल्टर वापरावा.

जीएनयू रेडिओच्या व्होल्क या गणिती संचातील व्होल्क प्रोफाइल हा प्रोग्राम एकदा चालवला की त्या प्रोसेसरवरची सर्वांत वेगवान गणितीय रूपे निवडली जातात. पायथॉनमध्ये लिहिलेला ब्लॉक वेगवान टप्प्यात ठेवू नये.

प्रोसेसर निवांत असूनही आवाज तुटत असेल, तर दर तपासावेत. २,५०,००० चा दर ५ ने घटवून ५०,००० झाला आणि साउंडकार्ड ४८,००० वर चालत असेल, तर सेकंदाला २,००० सॅम्पल साचतात, मागचे बफर भरतात आणि ओव्हररन होतो. इथे २४/२५ चा रीसॅम्पलर, म्हणजे दर बदलणारा ब्लॉक, हवा. दर जुळूनही रेडिओ आणि साउंडकार्ड यांची घड्याळे चालवणाऱ्या दोन क्रिस्टलमध्ये दशलक्षात २० भागांचा फरक असला, तर सेकंदाला जवळपास एक सॅम्पल कमी-अधिक होते आणि कित्येक मिनिटांनी एकदा आवाज खंडित होतो. प्रत्यक्ष हार्डवेअर जोडलेले असताना प्रवाहाचा वेग रोखून धरणारा थ्रॉटल ब्लॉक काढून टाकावा, कारण तोही आणखी एक घड्याळच.

लिनक्सवर प्रोसेसरचा वेग ठरवणारा गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेवावा. यूएसबीएफएस या यूएसबी यंत्रणेची स्मृतिमर्यादा मुळात १६ मेगाबाइट असते; जास्त दरांसाठी ती वाढवावी.