रायोलाइटचं बाटल्यांचं घर

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, डेथ व्हॅलीच्या पूर्वेला, रायोलाइट नावाचं ओसाड गाव आहे. तिथल्या तीन मजली बँकेच्या आता फक्त भिंती उरल्यात, वर छप्पर नाही. त्याच गावात टॉम केलीचं बाटल्यांचं घर मात्र शाबूत आहे.

ऑगस्ट 1904 मध्ये शॉर्टी हॅरिस आणि एड क्रॉस यांना इथल्या टेकड्यांत सोनं सापडलं. दगड हिरवट, बेडकासारखा, म्हणून परिसराचं नाव पडलं बुलफ्रॉग. बघता बघता माणसांची रीघ लागली. पण राहायचं कशात? वाळवंटात झाडं म्हणजे जोशुआ ट्री, त्याच्या वेड्यावाकड्या खोडातून सरळ फळी निघत नाही. रेल्वे आली 1906 च्या अखेरीस. तोवर लाकूड लांबून गाड्यांवर लादून आणायचं, म्हणजे सोन्याच्या भावाने. त्यामुळे बहुतेकांनी तंबूच ठोकले.

रिकाम्या बाटल्यांना मात्र तोटा नव्हता. गावात दारूचे गुत्ते मुबलक होते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या केलीने सुमारे 50,000 बाटल्या जमवल्या, बहुतेक बिअरच्या. प्रत्येक बाटली आडवी, बूड बाहेर, मध्ये चिखल. थरावर थर चढवत सहा महिन्यांच्या आत त्याने तीन खोल्यांचं घर उभं केलं, पुढे ओसरी काढली आणि तिच्या कडेला नक्षीदार लाकडी झालरही लावली. त्या वयात इतक्या हौसेने घर सजवणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो. स्वतः मात्र तो त्यात राहिला नाही. त्याने पाच डॉलरची तिकिटं काढून घराची सोडत लावली. घर लागलं बेनेट कुटुंबाला, आणि ते 1914 पर्यंत तिथे राहिलं.

तोवर गाव मोडलंच होतं. 1907 च्या आर्थिक संकटाने खाणींना मिळणारं भांडवल आटलं. मोठी माँटगोमेरी शोशोन खाण 1911 मध्ये बंद पडली आणि 1916 मध्ये वीजही तोडली.

रिकामं घर एव्हाना ढासळलं असतं. पण 1925 मध्ये पॅरामाउंट कंपनीला चित्रीकरणासाठी ते हवं होतं. त्यांनी डागडुजी करून नवं छप्पर घातलं. चिखलात बसवलेल्या भिंतींना छप्पर म्हणजे जीव. पुढे राखणदार इथेच राहून घर सांभाळत आले. जवळ जाऊन पाहिलं तर बाटल्यांची गोल बुडं ओळीने आजही दिसतात, आणि त्यांच्यामध्ये वाळलेली माती.