माग आणि वेचणी: ट्रेझर हंट आणि स्कॅव्हेंजर हंट यांत फरक काय?

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या सोसायटीत मुलांचे खेळ घ्यायचं काम काही वर्षांपासून माझ्याकडे आहे. संगीत खुर्ची, लिंबू-चमचा, डबा ऐसपैस हे सगळं होतंच, पण मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ट्रेझर हंट कधी?"

पहिल्या वर्षी मी २४ मुलांसाठी आठ चिठ्ठ्यांचा खेळ आखला. सकाळी सातलाच चिठ्ठ्या लावून टाकल्या, खेळ दहाला होता. चौथी चिठ्ठी बागेतल्या बाकाखाली चिकटवली होती. मध्येच झाडणाऱ्या मावशी आल्या. बाकाखाली कागद दिसला, त्यांनी तो काढून कचऱ्यात टाकला. त्यांचं कामच ते, आणि मी त्यांना काही सांगितलेलंही नव्हतं. साडेदहाला २४ मुलं त्या बाकाभोवती उभी, कुणी बाकाखाली आडवं झालेलं, कुणी कुंड्या सरकवतंय. मला पाठ होतं की पाचवी चिठ्ठी लेटरबॉक्समध्ये आहे, पण ते मीच सांगायचं तर मग खेळ कसला?

त्या दिवशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "त्यापेक्षा दहा वस्तू शोधून आणायला सांगायच्या होत्यास. तेही ट्रेझर हंटच की." नाही, ते ट्रेझर हंट नाही. तो वेगळा खेळ आहे, इंग्रजीत त्याला स्कॅव्हेंजर हंट म्हणतात. आपण मात्र दोन्हींना सरसकट एकच नाव देतो आणि मग एकाची तयारी करून दुसऱ्याची अपेक्षा धरतो. माझ्यापुरती मी दोन मराठी नावं ठरवून टाकली आहेत. ट्रेझर हंट म्हणजे माग आणि स्कॅव्हेंजर हंट म्हणजे वेचणी.

मागात प्रत्येक चिठ्ठी पुढच्या जागेची खूण सांगते. तिसरी सापडल्याशिवाय चौथी कुठे आहे ते कळायचं नाही. शेवटी एकच खजिना असतो, आणि वाटेतल्या चिठ्ठ्यांना खजिन्यापर्यंत नेण्यापलीकडे स्वतःचं मोल नसतं. वेचणीत सगळी यादी सुरुवातीलाच मुलांच्या हातात पडते. पिवळं पान आधी शोधायचं की विझलेली पणती, हे त्यांनी ठरवायचं. शेवटी खजिना वगैरे नाही. शिट्टी वाजली की टोपलीत जे असेल ते मोजायचं.

एवढाच फरक, पण बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. मागाची एक कडी निसटली की सगळा खेळ जागच्या जागी थांबतो, माझा थांबला तसा. वेचणीत एखादी वस्तू मिळाली नाही तर एक गुण गेला, मुलं पुढच्या वस्तूच्या मागे लागतात. म्हणून मागाची मेहनत आधी असते, चिठ्ठ्या लिहिण्यात, लावण्यात, तपासण्यात. वेचणीची यादी अर्ध्या तासात होते, पण मुलं चारी दिशांना पांगल्यावर त्यांच्यावर नजर ठेवायला मोठी माणसं जास्त लागतात.

मागाच्या चिठ्ठ्या मी आता शेवटाकडून लिहिते. आधी खजिन्याची जागा पक्की करायची, मग तिच्याकडे नेणारी चिठ्ठी, मग ती चिठ्ठी कुठे ठेवायची ती जागा, असं मागे मागे यायचं. पुढून लिहायला घेतलं की हमखास घोळ होतो. जिथली खूण चिठ्ठीत आहे त्याच जागी ती चिठ्ठी ठेवली जाते, आणि मुलं गोल गोल फिरत राहतात. सगळ्या जागांचा एक कागद माझ्या ओढणीला पिनेने लावलेला असतो. चिठ्ठ्या चिकटवत नाही, कपड्यांच्या चिमट्याने अडकवते, खेळाच्या अर्धा तास आधी. आणि त्या दिवशी सकाळी मावशींना आणि वॉचमनकाकांना सांगून ठेवते की चिमट्यातला कागद काढू नका.

कोड्याचं उत्तर एकच निघालं पाहिजे. "पाण्याजवळ जा" अशी चिठ्ठी एकदा आमच्याकडे कुणीतरी लिहिली होती. सोसायटीत पाणी म्हणजे बागेतला नळ, खालची टाकी, गच्चीवरची टाकी, क्लबहाऊसमधला कूलर. मुलं चार ठिकाणी पळाली, त्यातली दोन तर गच्चीच्या जिन्याने वर. पाण्याची टाकी, मीटरचा बॉक्स, लिफ्टची मशीन-रूम, गच्चीचा कठडा आणि गेटच्या बाहेर कुठेही, या जागा चिठ्ठीसाठी नकोतच. चुकीच्या उत्तरानेसुद्धा मूल तिकडे जाणार नाही असं कोडं हवं. लेटरबॉक्ससाठी माझी चिठ्ठी अशी असते: "सगळ्यांची आडनावं माझ्या कपाळावर, पण माझ्याकडे राहायला कुणी येत नाही."

आपल्याकडे तयार कोड्यांचा केवढा साठा पडून आहे! "बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे" हे म्हणजे दात आणि जीभ. आमच्या तळमजल्यावर दातांचा दवाखाना आहे, म्हणून हे कोडं घालून पुढची चिठ्ठी मी त्याच्या पाटीमागे ठेवली. दुसरी-तिसरीच्या मुलांपैकी कुणालाच उत्तर येईना, पण आजी-आजोबांना विचारायची मुभा दिलेली होती. एका आजींनी उत्तर तर सांगितलंच, वर मुलांना थांबवून आणखी तीन कोडी घातली. त्यात ती तुकडी मागे पडली, तरी मुलांची तक्रार नव्हती. घरातल्या वाढदिवसाला "हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्यांनी भरली" घ्यावं. उत्तर भेंडी, आणि पुढची चिठ्ठी फ्रीजच्या भाजीच्या खणात, भेंडीच्या पिशवीला लावलेली.

वेचणीत कोडं नसतं, तिथे सगळी मदार यादीवर. अमेरिकेत पार्ट्यांची यजमान म्हणून गाजलेली एल्सा मॅक्सवेल हिने १९२० आणि ३०च्या दशकांत असे खेळ बड्या मंडळींच्या पार्ट्यांत लोकप्रिय केले, आणि वेचणीचं श्रेय तिलाच दिलं जातं. तिचे पाहुणे मोठी माणसं होती, त्यांना काहीही आणायला धाडलं तरी चालून जायचं. मुलांच्या यादीत मात्र एकेका शब्दाचा परिणाम लगेच दिसतो. "पाच वेगवेगळी पानं" लिहिलंत तर जास्वंद ओरबाडलीच म्हणून समजा. "खाली पडलेली पाच वेगवेगळी पानं" लिहिलं की तीच मुलं वाकून जमीन न्याहाळतात. स्कॅव्हेंजर म्हणजे टाकलेल्यातून कामाचं वेचणारा, तेव्हा पडलेलं तेवढंच उचलायचं हा नियम त्या नावाला धरूनच आहे.

ही गोष्ट मी चुकूनच शिकले. एका वर्षी यादीत मी लिहिलं, "किल्ल्यावरचा एक मावळा". वाटलं, दिवाळी आहे, जिन्याखाली तीन किल्ले झालेत, मुलांना मजा येईल. पाच तुकड्या होत्या. पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांनी जवळच्याच एका किल्ल्यावरून मावळे उचलले. एका तुकडीने घाईत बुरूज ढासळवला, दुसरीचा पाय तळ्यात पडला, आणि अळिवाची कोवळी हिरवळ चिखलात गेली. तो किल्ला करणारी दोन भावंडं खेळातच होती. ती परत आली तेव्हा सिंहासनावर महाराज एकटे होते. धाकटा काही बोलला नाही, खाली बसून बुरूज थापटायला लागला. संध्याकाळी आम्ही सगळ्यांनी मिळून किल्ला उभा केला, पण चार दिवस खपून केलेलं त्यांचं काम ते नव्हतं. चूक माझ्या त्या एका ओळीची होती.

आता माझी निम्मी यादी आणायची असते आणि निम्मी बघून लिहायची. किल्ल्यावर पहाऱ्याला किती मावळे आहेत? कुठल्या मजल्यावरच्या आकाशकंदिलाला सर्वांत लांब झिरमिळ्या आहेत? रांगोळीत मोर कुणाच्या दारात आहे? कशाला हात लागत नाही, आणि मुलं नीट बघतात. फटाक्यांची रिकामी नळकांडी मात्र यादीत कधीच घालू नका. रिकामं वाटतं त्यात न उडालेलं एखादं असतं.

मग कधी काय घ्यायचं? माझं मत स्पष्ट आहे. वाचता न येणाऱ्या मुलांना माग देऊ नये. चित्रांच्या चिठ्ठ्या करता येतात, पण एक चुणचुणीत मूल पुढे पळतं आणि बाकीची त्याच्यामागे, असंच होतं. पाच वर्षांखालच्यांना तर यादीही नको. ईस्टरला रंगीत अंडी लपवून मुलांना शोधायला सोडतात, तसा साधा खेळ त्यांना पुरतो. त्यात ना साखळी ना यादी, नुसतं दिसलं की उचल. मी कापडी फुलं त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवते आणि प्रत्येकाला पाचाची मर्यादा घालते, नाहीतर एकाच्या पिशवीत वीस आणि दुसऱ्याचे डोळे भरलेले. पहिली-दुसरीला वेचणी छान जमते. मागाची खरी गोडी तिसरी-चौथीपासून लागते, आणि तीही चार-पाच जणांच्या तुकडीत. सगळ्यांची मिळून एकच झुंड केली तर कोडं तिघं सोडवतात आणि उरलेली नुसती धावतात.

लहान-मोठी एकत्र असतील, जागा अनोळखी असेल, तयारीला एकच संध्याकाळ असेल तर सरळ वेचणी घ्या. परदेशातल्या मराठी मंडळांच्या दिवाळीलाही मी हेच सुचवेन. तिथली बरीच मुलं मराठी बोलतात, पण देवनागरी वाचताना अडखळतात, आणि कार्यक्रम बंद हॉलमध्ये. "नथ घातलेल्या तीन जणी शोधा आणि त्यांचं माहेरचं आडनाव विचारा" ही वेचणी तोंडी सांगूनही होते, आणि मुलं मोठ्यांशी मराठीत बोलतात.

आठवी-नववीच्या मुलांना कोडी बालिश वाटायला लागतात. त्यांच्यासाठी मागाचाच एक मोठा भाऊ आहे. सामान्यांना नेमकं ठिकाण कळू नये म्हणून जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक अमेरिकी सरकारने २ मे २००० रोजी काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी ओरेगॉन राज्यात एकाने एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. जिओकॅशिंग हा खेळ त्यातून सुरू झाला. सोसायटीच्या आवारात तो जमत नाही, कारण इमारतींच्या मधोमध फोनवरचं ठिकाण काही मीटर इकडेतिकडे सरकतं. मोकळं मोठं मैदान असेल तर जरूर करून बघा.

गेल्या दिवाळीत मी दोन्ही खेळांची सांगड घातली, आणि आजवरचा सर्वांत चांगला खेळ तोच झाला. पाच तुकड्या, पाच ठिकाणं. प्रत्येक ठिकाणी सारख्याच पाच चिठ्ठ्या, एका तुकडीने एकच उचलायची. चिठ्ठीवर एक मोठं अक्षर आणि पुढच्या ठिकाणाचं कोडं. पाचवं ठिकाण परत पहिल्याकडे पाठवायचं, म्हणजे माग गोल झाला. प्रत्येक तुकडीने वेगळ्या ठिकाणापासून सुरुवात केल्यामुळे कुठेही गर्दी झाली नाही आणि कुणाच्या मागे पळायची सोयच उरली नाही. पाच अक्षरं जमली की थांबायचं आणि त्यांचा शब्द लावायचा. एकूण चिठ्ठ्या ३०, ठिकाणांवरच्या पंचवीस आणि सुरुवातीच्या पाच. एखादी उडाली तर तेवढ्यापुरती एकच तुकडी अडते, आणि माझ्या खिशात जादा संच होता.

शब्द होता पारिजातक. पा, रि, जा, त, क. खजिन्याचा पत्र्याचा डबा मागच्या कुंपणालगतच्या पारिजातकाखाली. अक्षरं प्रत्येक तुकडीला वेगळ्या क्रमाने मिळत होती. एका मुलीच्या हातात अजून "जा", "त" आणि "क" एवढीच होती, तेवढ्यात ती थबकली. रोज सकाळी आजीबरोबर फुलं वेचायला जाते ती. "मला कळलं," म्हणाली आणि तोंडावर हात ठेवून उभी राहिली, कारण पाचही अक्षरं दाखवल्याशिवाय आणि पाचही तुकड्या आल्याशिवाय डबा उघडायचा नाही असं ठरलेलं होतं. उरलेली दोन ठिकाणं ती तशीच पळाली, कुणालाही न सांगता.

डब्यात मुलांच्या संख्येपेक्षा पाच जास्त पुड्या होत्या, शंकरपाळे आणि एक-एक खोडरबर. जादाच्या पाच पुड्या मुलांनी वॉचमनकाकांना, झाडणाऱ्या मावशींना आणि कोडी घालणाऱ्या आजींना नेऊन दिल्या, दोन त्या किल्लेवाल्या भावंडांना.