पावसाला थांबायला जागा

समुद्रात उघडणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी अनेक ठिकाणी एक जड लोखंडी झडप असते, वरच्या बाजूने बिजागरीवर टांगलेली. ओहोटीला नाल्यातलं पाणी तिला आतून ढकलतं आणि समुद्रात निघून जातं. भरती चढली की समुद्र तिला बाहेरून दाबतो आणि ती घट्ट मिटते. खारं पाणी शहरात शिरू नये म्हणून केलेली ही सोय. पण नेमक्या त्याच वेळी धो धो पाऊस पडत असेल, तर शहराचं पाणी शहरातच अडकतं.

किनाऱ्यावरच्या शहराचा पूर समजून घ्यायचा तर या झडपेपासून सुरुवात करावी. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर दुसरी भरती साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, आणि दर वेळी काही तास झडपा बंद राहतात. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर समुद्र आणखी वर चढतो. आता हिशेब पाहा: एक चौरस किलोमीटरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० कोटी लिटर पाणी. मोकळी माती असेल तर त्यातलं काही मुरतं. डांबर आणि काँक्रीटवरून जवळजवळ सगळं नाल्याकडे धावतं.

हवामानबदल या हिशेबाला दोन्ही बाजूंनी धक्का देतो. १९०१ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. आकडा लहान वाटतो, पण त्यामुळे झडप आधी मिटते आणि उशिरा उघडते. दुसरीकडे, हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे मोठ्या सरी आणखी जोरदार होतात. पाणी जास्त, आणि बाहेर पडायला वेळ कमी.

समुद्राची भीती वाटली की पहिल्यांदा भिंत आठवते, आणि काही ठिकाणी ती हवीच. १९५३ च्या वादळी भरतीत नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्यानंतरच्या दीर्घ कामातून रॉटरडॅमजवळ १९९७ मध्ये दोन अवाढव्य फाटकं उभी राहिली, प्रत्येक २१० मीटर लांब. वादळ आलं की ती जलमार्ग बंद करतात. पण भिंत बाहेरचं पाणी अडवते तसं आतलंही अडवते. म्हणून भिंतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न हा, की झडप उघडेपर्यंत पावसाचं पाणी थांबणार कुठे? पंप लागतातच, पण ऐन वादळात वीज गेली तर नुसत्या पंपांवर विसंबलेलं शहर उघडं पडतं.

रॉटरडॅमनेच २०१३ मध्ये एका चौकात याचं फार सुंदर उत्तर दिलं. बेंथमप्लाइन नावाच्या या चौकात रस्त्यापेक्षा खोल मैदान आहे, भोवती बसायला पायऱ्या. कोरड्या दिवशी मुलं तिथे चेंडू खेळतात. मोठा पाऊस झाला की छपरांवरचं आणि रस्त्यांवरचं पाणी या चौकातल्या खोलगट जागांमध्ये उतरतं. तिथे सुमारे १७ लाख लिटर पाणी मावतं आणि पाऊस ओसरल्यावर सावकाश सोडलं जातं. कोपनहेगनलाही २ जुलै २०११ च्या ढगफुटीनंतर हाच मार्ग पटला: काही रस्ते पाणी वाहून न्यायला आणि काही बागा ते साठवायला राखायच्या. नुसती गटारं मोठी करत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडतं, असा त्या शहराचा हिशेब निघाला. खाजणं आणि तिवरांची जंगलंही पाणी सामावून घेतात, शिवाय लाटांचा जोर मोडतात. तिथे भराव टाकणं म्हणजे आयती टाकी बुजवणं.

जमीनही खचते, हे मात्र आराखड्यांमध्ये फार उशिरा येतं. टोकियोच्या सखल भागात भूजलाच्या बेसुमार उपशामुळे काही ठिकाणी जमीन चार मीटरहून जास्त खाली गेली. उपशावर निर्बंध आल्यावर खचणं जवळजवळ थांबलं. समुद्र चढण्याच्या कितीतरी पट वेगाने जमीन बुडत असेल, तर विहिरींवरचा नियम हेच सर्वात मोठं पूरनियंत्रण ठरतं.

किती उंच बांधायचं, हा खरा अवघड निर्णय. ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ हा शब्दप्रयोग फसवा आहे. तो दर वर्षी १ टक्का शक्यतेचा पूर असतो. तीस वर्षं त्याच घरात राहणाऱ्याला तो गाठण्याची शक्यता २६ टक्के. म्हणूनच लंडनने २०१२ च्या आराखड्यात एकच उंची ठरवून टाकली नाही; समुद्र मोजत राहायचं आणि त्याप्रमाणे पुढचं पाऊल आधी किंवा नंतर टाकायचं ठरवलं. तिथलं टेम्स नदीवरचं फाटक दुहेरी काम करतं: नदीला पूर असला की ओहोटी संपता संपताच ते लावतात, म्हणजे भरती बाहेर राहते आणि रिकाम्या पात्रात पुराचं पाणी मावतं. पण समुद्र चढेल तसं भरतीसाठीच ते जास्त वेळा लावावं लागणार आहे. म्हणून त्याच आराखड्याच्या २०२३ च्या आढाव्यात नदीकाठचे तट उंच करण्याची मुदत पंधरा वर्षांनी अलीकडे, २०५० वर आणली गेली.